लक्झेंबर्गची विहीण

विहीण म्हटली की रुसणारच, असं अरुंधतीच्या आईने तिला बजावून ठेवलं होतं. पण मानपानावरून रुसणाऱ्या विहिणी वेगळ्या. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गला अरुंधतीच्या वाट्याला आलेली विहीण रुसली होती ती ऐंशी वर्षांपूर्वीच्या स्वारीवरून. त्यावर पैठणीचा उतारा कुठून चालणार?

लेओनी आजी लक्झेंबर्गच्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तो टीचभर देश. दुसऱ्या महायुद्धात आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, असं त्याने जगाला सांगितलेलं. तरीही एका पहाटे जर्मन फौजा घुसल्या आणि चार वर्षं ठाण मांडून बसल्या. जर्मनांविरुद्धच्या संपात सामील झाले म्हणून आजींच्या वडिलांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत. आठ वर्षांच्या लेओनीची आईसह जर्मनीत रवानगी झाली. लढाई संपल्यावर मायलेकी घरी परतल्या, त्यानंतर आजींनी या जर्मन मुलखात पाऊल टाकलं नव्हतं.

आईवेगळ्या नातवाला, लुकला, त्यांनीच वाढवलं, आणि लुकने नेमकी अन्वी पसंत केली. अन्वी अरुंधतीची लेक, पण बाप जर्मन. लग्नाला येईन, पण त्या घरात अन्नाचा कण घेणार नाही, असं आजींनी कळवलं होतं. विहीण दारातून उपाशी गेली तर पोरीच्या संसाराला सुरुवात तरी कशी करायची, हा अरुंधतीपुढचा प्रश्न होता.

श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कचेरीत, सह्या करून मंडळी घरामागच्या बागेत आली. आजी पर्स घट्ट धरून खुर्चीत ताठ बसल्या. पाणीसुद्धा नको म्हणाल्या. विहिणीचे पाय धुवायचा बेत अरुंधतीने केव्हाच गुंडाळला होता.

तेवढ्यात तिचे सासरे हेल्मुट टबात कोमट पाणी घेऊन आले. अरुंधतीच्या पुण्यातल्या लग्नात तिच्या आईने त्यांच्या बायकोचे पाय धुतले होते. मुलीकडच्यांनी पाय धुवायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हा मान मुलीच्या आईचा, आजोबांचा नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? आणि नेमके याच हेल्मुटचे वडील त्या चार वर्षांत लक्झेंबर्गमध्ये अंमलदार होते.

"अहो बाबा, राहू द्या," म्हणत अरुंधती धावली. पण म्हातारबुवा गुडघ्यांवर बसलेसुद्धा होते.

"माझे वडील तुमच्या गावांवर हुकूम चालवायचे," ते आजींना म्हणाले. "त्यांनी कधी माफी मागितली नाही. मी मागतो."

आजींनी त्यांच्याकडे निरखून बघत विचारलं,

"तुमचा जन्म कधीचा?"

"लढाई संपल्यानंतरचा."

आजींनी स्वतःच बूट काढले, मोजे काढले. हेल्मुटनी पाय धुतले, निगुतीने पुसले आणि उठायला गेले, तर गुडघे हटूनच बसले. लुक पुढे होणार, तोच आजींनी पर्स गवतावर टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

"उठा," त्या म्हणाल्या. "मला भूक लागलीय."

अरुंधतीने रडत रडतच पान वाढलं. इतकी वर्षं जर्मनीत काढूनही त्या क्षणी तिच्या तोंडून जर्मन निघेना. "फार उपकार झाले हो," असं ती मराठीतच म्हणाली आणि विहिणीला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला.