पेंढ्यांखाली वाचलेलं फुलपाखरू

मित्रांनो, मी माळाच्या गवतातलं एक तपकिरी फुलपाखरू आहे. माझा उजवा पंख काठाला करपला आहे. माझी गोष्ट मी नीट, क्रमाने सांगणार होते. जन्म, बालपण, संसार. पण सांगायला बसले की मध्येच आग येते.

तरी प्रयत्न करते.

जन्म. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला पिवळं गवत दिसतं ना, तिथला. पाऊस सरत असताना आईने एका पात्याखाली अंडं चिकटवलं. त्यातून मी निघाले, हिरवी अळी. खाल्लं, वाढले, कोष करून काडीला लटकले. बाहेर आले तेव्हा गवत वाळायला लागलं होतं.

पावसाळ्यात जन्मलेल्या आमच्या बहिणींच्या पंखांवर डोळ्यांसारखी मोठी वर्तुळं असतात. माझ्या पंखांवर नुसते ठिपके. पंख मिटले की मी वाळकं पान. पक्ष्यालाही सापडत नाही. फुलांचं मला वेड नाही. उंबराखाली आंबलेली फळं पडतात, त्यांचा रस मला आवडतो. उडते तीही गवताच्या उंचीनेच, टुणटुणत.

संसार. तो अजून व्हायचा आहे. आमच्या अळ्यांना कोवळं गवत लागतं आणि ते पावसाशिवाय येत नाही. म्हणून आम्ही अंडी पोटातच धरून ठेवतो आणि वाळल्या गवतात बसून राह

आग.

पाहा, आलीच.

वाडीतला सिद्धनाथ काडीपेटी घेऊन वर आला. त्याच्या मागोमाग धापा टाकत त्याची भावजय, सोजराबाई.

"भावजी, थांबा! माज्या पेंड्या हायत की हितं. परवापासनं सांगतीय, खाली आणा म्हणून."

"वैनी, वारं तिकडं न्हाईच. तुमी उगा घाबरताय. जुनं जळलं की नवं गवात बगा कसं लुसलुशीत येतंय. म्हसरं तुमालाच दुवा देतील."

दर वर्षी असंच करतात. त्याचे वडीलही करायचे. त्याने देवाला हात जोडले आणि काडी टाकली.

मित्रांनो, मला आवाज आठवतो. तडतड. मग नुसती धग. शेजारच्या काडीवर माझ्यासारखीच एक बसली होती, पंख मिटून. वाळकं पान होऊन. आम्हाला हेच येतं, धोका आला की हलायचं नाही. ती हलली नाही.

ती

मी उडाले. का, ते मला माहीत नाही. वारं फिरलं होतं. पंखाला काहीतरी चाटून गेलं. मी पेंढ्यांच्या ढिगाखाली शिरले.

बाहेर सोजराबाई ओरडत होती. "वाऱ्यानं तुमास्नी इचारलं व्हतं का, भावजी? बगताय काय! फांदी घ्या, हाणा!"

करवंदीच्या ओल्या फांद्यांनी दोघांनी आग झोडपली. फट्. फट्. ढिगाभोवतीचा गवताचा एक तुकडा तेवढा वाचला.

तिने मला वाचवलं नाही. तिने पेंढ्या वाचवल्या. मी त्यांच्याखाली होते, एवढंच.

मग बाहेर आले. त्या तुकड्यापलीकडे सगळा माळ काळा. काड्या नाहीत, कोष नाहीत, ती नाही. मी कितीतरी वेळ त्या काळ्यावरून उडत राहिले आणि बसायला जागा सापडेना.

सिद्धनाथ काजळलेल्या तोंडाने म्हणाला, "पेंड्या निऊ. मग ह्यो तुकडाबी लावून टाकतो. कशाला ठिवायचा?"

सोजराबाईने त्याच्या खिशातून काडीपेटी काढून आपल्या कनवटीला खोचली. "छपराला गवात लागंल. ऱ्हाऊ दे. तोंड धुवा आदी, माकडावानी दिसताय."

तो हसला. पेंढ्या गेल्या. तुकडा राहिला. मी त्यात आहे.

मित्रांनो, नवं गवत राखेतून येत नाही. ते मुळातून येतं, पाऊस आला की. पिवळा माळ तुम्हाला रिकामा वाटेल. काडी लावण्याआधी खाली वाका, एक काडी हलवून बघा. कुणीतरी पंख मिटून बसलेलं असेल.

पाऊस अजून आलेला नाही. मला अंडी घालायची आहेत.