रडक्या पोरांची खोली

आमच्या चर्चमध्ये मागे काचेची एक खोली आहे. रडणारी तान्ही पोरं घेऊन आयांनी तिथं बसायचं. स्पीकरमधून उपदेश आत येतो, आतलं रडं मात्र बाहेर जात नाही. माझ्या दादाला तिथं बसवलं. चाळिशीचा बाप्या!

गुन्हा काय? पाळक उपदेशात प्रश्न विचारायचे आणि दादा उत्तर द्यायचा. डोक्याचं आजारपण आल्यापासून तो विचारलेलं खरंच मानतो. "आपल्यात पापी कोण?" पाळकांनी विचारलं. दादानं खजिनदारांकडे बोट दाखवलं. अर्धं चर्च हसलं. पुढच्या रविवारपासून दादा, आई आणि मी काचेआड.

"तुम्हालाच बरं पडेल गं," खजिनदारकाकू म्हणाल्या. "आम्ही प्रार्थना करतोच आहोत."

"काकू, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अख्खी मंडळी डबे घेऊन आली. आमच्या दारात कुत्रं फिरकलं नाही."

"त्याचं वेगळं असतं."

काय वेगळं? गुडघा देवानं दिला आणि डोकं शेजाऱ्यानं?

आई म्हणायची, "जाऊ दे, निदान आत तरी घेतात." त्या 'निदान'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या रविवारी स्पीकरमधून पाळक भरल्या गळ्यानं म्हणाले, "आज इथं कुणी एकटं आहे का?"

दादा उठला. हात वर केला. "मी आहे."

काचेपलीकडे नुसत्या पाठी. एकही वळली नाही.

"ऐकू जात नाही का गं त्यांना?" त्यानं मला विचारलं.

बस्स. दार उघडलं, दादाचा हात धरला, आईला पुढे घातलं आणि मधल्या वाटेनं थेट बाबांच्या वेळच्या आमच्या बाकापाशी गेले. तिथं काकू पर्स पसरून बसलेल्या.

"पाळकसाहेब, आत्ताचा प्रश्न परत विचारा."

"ताई, उपदेश संपल्यावर बोलू..."

"उत्तर नको असेल तर विचारता कशाला?"

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, "इथं कुणी एकटं आहे का?"

"मी," दादा म्हणाला. "मघाशीही सांगितलं होतं."

पाळकांनी हातातला कागद पालथा ठेवला. "बस," ते म्हणाले. "इथंच बस."

मी काकूंकडे बघितलं. "पर्स उचला. की तिचाही गुडघा दुखतोय?"

त्यांनी उचलली. सरकल्या मात्र टीचभर. तेवढ्याच जागेत आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. दादा पुढे झुकून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता.