दिराच्या फोल्डरकडे जाणारा बाण

दातांच्या डॉक्टरणीचा फोन ठेवला आणि वहिनीची नजर सरळ दिराच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. एक्स-रे दाखवणारा, दीर-वहिनीने मिळून बनवलेला प्रोग्रॅम डॉक्टरणीच्या दवाखान्यात उघडतच नव्हता. इथे ऑफिसात मात्र बिनबोभाट चालत होता! हे पहिलंच मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की ऑफिसला कुलूप.

पाणी कुठेतरी मुरत होतं. भावजी हल्ली फोन आला की जिन्यात जाऊन कुजबुजत.

तिने त्यांनी बांधून दवाखान्याला पाठवलेलं प्रोग्रॅमचं बंडल उघडलं. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडच्या फायली, त्यात सोबत द्यायच्या असतात. चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीच्या जागी फाइल नव्हतीच. होती नुसती सिम्बॉलिक लिंक, खरी फाइल तिकडे आहे असं सांगणारा बाण. तो भावजींच्या स्वतःच्या फोल्डरकडे जात होता. ऑफिसातले दोन्ही कॉम्प्युटर त्या फोल्डरला जोडलेले, म्हणून इथे अडत नव्हतं. दवाखान्यात तो फोल्डर कुठून येणार?

फोल्डरचं नाव होतं ‘नव्या नोकरीची परीक्षा’. वहिनीचं डोकंच फिरलं.

भावजी दारात आले तशी ती कडाडली, “मुद्दाम केलंत ना हे?”

त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. “नाही हो. परीक्षेसाठी तिथे लायब्ररी तयार केली होती, तिथूनच बंडल बांधलं. लिंकऐवजी खरी फाइल घ्यायची राहिली.”

“आणि नोकरी? तीही चुकूनच?”

“नाही, ती ठरवून.” ते खाली बसले. “वहिनी, मी बांधलेलं प्रत्येक बंडल तुम्ही माझ्यामागे उघडून बघता. ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?”

“बघितलं म्हणून तर सापडलं!”

“हो. इतक्या वर्षांत एकदा सापडलं.”

त्यांनी नवं बंडल बांधून पाठवलं, ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. थोड्या वेळाने डॉक्टरणीचा फोन आला, प्रोग्रॅम उघडला होता. गिऱ्हाईक राहिलं.

वहिनीने सवयीने बंडल उघडलं. खरी फाइल जागेवर होती. उरलेल्या लिंका बंडलातच शेजारच्या फायलींकडे जात होत्या. खोट काढायला जागा नव्हती.

“भावजी, झकास बांधलंय,” असं म्हणायला तिने पहिल्यांदाच मान वर केली. समोर किल्ली पडली होती.