माळ्यावरची विळी

सत्त्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एका रविवारी मंदाच्या नवऱ्याने, विद्याधरने, बोईसरहून भाड्याचा व्हीसीआर आणला आणि सरावलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत भरदुपारी पडदे ओढून सगळे शेजारी दाटीवाटीने बसले. कॅसेटी दोन होत्या, दोन्ही भीतीच्या.

पहिलीत एक माणूस कुऱ्हाड घेऊन बंगल्यात फिरत होता. दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी मुंडकं उडे, भिंतीवर चिळकांडी उडे आणि शेजारच्या आनंदीवहिनी डोळ्यांवर पदर घेऊन पदराआडून सगळं बघत. मंदाला मात्र हसू आवरेना.

"वहिनी, रक्त कसलं, कोकमाचं आगळ दिसतंय ते!"

"तुम्ही कॉलेजात शिकलेल्या. तुम्हाला कशाची भीती?" आनंदीवहिनी फणकारल्या.

दुसरीत कुणी मेलंच नाही. एक बाई, तिचं तान्हं मूल आणि एक घर. बाई खिडकी लावायची, पुन्हा जाऊन बघायची. पाळण्यापाशी यायची आणि आपल्याच हातांकडे बघत राहायची. "काही होतच नाही हो यात," म्हणत अर्धी माणसं चहाला उठून गेली. मंदा शेवटपर्यंत बसून राहिली. तिची बोटं गार पडली होती.

संध्याकाळी ती दुधी चिरत होती. सात महिन्यांची चिमी रांगत रांगत तिच्याकडे आली. मंदाने विळीचं पातं मिटलं, आणि तेवढ्यात मनात एक वाक्य उमटलं. तुझ्या हातून हिला काही झालं तर? तू केलंस तर?

ती ताडकन उठली. चिमीला उचलायलाही तिला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी विळी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेली. सुरी ट्रंकेत गेली. "धार गेलीय," असं तिने विद्याधरला सांगितलं. घरात डाळ, अंडी, उकडलेले बटाटे सुरू झाले. चिमीला आंघोळ घालायची वेळ झाली की मंदा काही निमित्त काढून आनंदीवहिनींना बोलावी. झोप तर उडालीच होती. विचार दिवसातून चारदा येई, मग चाळीसदा. तो कुऱ्हाडवाला माणूस टीव्ही बंद केला की संपला होता. हे बंद कुठून करायचं?

तिसऱ्या आठवड्यात तिने सांगलीला आईला पत्र लिहिलं. 'चिमीला तुझ्याकडे घेऊन जा. कारण विचारू नकोस.' पत्र चहाच्या डब्याखाली ठेवलं. उद्या टाकू, उद्या टाकू, असं करत चार दिवस गेले.

गुरुवारी सकाळी दारात हाक आली.

"मंदाऽ, पापलेट हाय, ताजा!"

दांडी गावची कोळीण, बायडी. दर गुरुवारी पाटी घेऊन एसटीने यायची. सरावलीत नव्याने आलेल्या मंदाला मासा साफ करायला तिनेच शिकवलं होतं, आणि तेव्हापासून मंदा कुणाला माशाला हात लावू देत नसे. गेले दोन गुरुवार मात्र तिने बायडीला दारातूनच परत पाठवलं होतं.

"घेते, पण आज तुम्हीच साफ करून द्या, मावशी."

"देते की. विळी आन." दारात मासा साफ करायचा तर बायडीला गिऱ्हाइकाचीच विळी लागे. पाटीबरोबर एसटीत ती विळी आणत नसे.

मंदा हलली नाही.

"काय गो? विळी कुठं हाय?"

"माळ्यावर."

बायडीने पाटी खाली ठेवली. आधी माळ्याकडे पाहिलं, मग मंदाच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे. "पोर रांगाया लागली म्हनून वर ठेवली आसंल, असं म्हनले असते मी. पन तुजं तोंड काय येगळंच सांगतं."

मग मंदाने सांगितलं. उंबऱ्यात बसून, चिमीकडे न बघता, सगळं. आता ही ओरडेल, पोर हिसकावून घेईल, गल्ली गोळा करेल, याची ती वाट बघत राहिली.

"मंग, येवढंच?" बायडी म्हणाली.

"एवढंच?"

"माज्या थोरल्याच्या वक्ताला मला होडीच्या फळीवर पाय ठेववत नव्हता. पोर काखंत आसलं का मन म्हनायचं, टाक खाडीत. चार महिनं पोर नंदंच्या हातात देऊन डोळं मिटून फळी चढले मी. शेवटी सासूला सांगितलं. म्हातारी काय म्हनली ठाव हाय? जी टाकनार ती फळीला घाबरंल काय गो? तसंच तुजा पोरीवर जीव हाय, म्हनून तुला भ्या वाटतं."

मंदाला रडू फुटलं.

"रडून झालं का विळी काढ," बायडी म्हणाली. तिने चिमीला मांडीवर घेतलं आणि समोरच्या भिंतीला टेकून ऐसपैस बसली. "मी नाय साफ करनार. तू कर."

मंदाने माळ्यावरून विळी काढली, साडी सोडली, पातं उघडलं. पापलेटाचे पर काढले. बोटांना रक्त लागलं, खरंखुरं, आगळासारखं मुळीच नाही.

"मावशी, आला. विचार आला."

"आला तर बसूं दे बाजूला. तू कल्लं काढ."

तिने कल्ले काढले. पोट साफ केलं. विचार बसून होता. तिने तुकड्या पाडल्या. चिमी पाटीतल्या बोंबलाकडे हात करून खिदळत होती, आणि मंदाच्या ध्यानात आलं की मघापासून ती पोरीकडे सरळ बघते आहे. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"घरधन्याला सांग आजच," उठताना बायडीने बजावलं. "नि गावच्या डाक्टरीनबाईलापन दाव. झोप नाय तर डोकं असंच करतं. मनात कोंडून ठेवलास तर कुजंल."

"थांबा, जेवूनच जा, मावशी."

बायडी कुठल्याच गिऱ्हाइकाकडे जेवत नसे. त्या दिवशी जेवली. मंदाने तिला मधली तुकडी वाढली, आणि कसे आभार मानावेत हे न कळून आणखी एक वाढली.

"बास गो! माजाच मासा मला खपवतेस?"

विद्याधर कारखान्यातल्या पहिल्या पाळीहून आला तेव्हा तिने त्याला समोर बसवून सांगितलं. त्याने चिमीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाला, "मला आधी का नाही बोललीस?" आणि चिमीच्या आंघोळीचं पाणी त्याने स्वतः काढलं. शनिवारी तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

चहाच्या डब्याखालचं पत्र तिने फाडलं आणि दुसरं लिहिलं. 'आई, तूच इकडे ये. मला झोप हवी आहे आणि तू हवी आहेस.' हे त्याच दिवशी पेटीत पडलं.

विचार लगेच गेला नाही. पण विळी मोरीजवळ तिच्या जागी, पातं मिटून, पुन्हा उभी राहिली. मार्गशीर्षात आनंदीवहिनींनी विचारलं, "पुन्हा व्हीसीआर आणायचा का हो? कुठली कॅसेट आणू?"

"कुऱ्हाडीची आणा," मंदा म्हणाली. "आणि रविवारऐवजी गुरुवारी लावू. बायडीमावशींना दाखवायचीय."