एका बाईच्या दोन रेघा

मी अल्डन फॉल्सच्या खासदार कचेरीतला फोन बोलतोय. तसं पाहिलं तर मी कधीच बोलत नाही. बोलतात माणसं, मी नुसता पोचवतो. पण या दोन आठवड्यांत जे पोचवलं आणि जे पोचवता आलं नाही, ते आता पोटात मावत नाही.

ओहायो राज्यातल्या या गावात मी आलो त्याला चौदा वर्षं झाली. कुठल्याशा कारखान्यात जन्मलो, पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलो आणि दाराजवळच्या टेबलावर मला जोडलं. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान. रंग काळा, अंगभर बटणं, आणि कुणी निरोप ठेवला की लुकलुकणारा एक लाल दिवा. रूप यथातथाच, पण कान तिखट.

इतकी वर्षं मला लोरेटा पिंकनी उचलायची. घंटा वाजली की चष्मा डोक्यावर सरकवून तिचा पहिला प्रश्न ठरलेला: नाव काय तुमचं? माणूस कितीही तणतणत आलेला असो, नाव सांगताना त्याचा आवाज जरा खाली यायचाच. मग कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाच्या बायकोचा व्हिसा रखडलेला, कुणा म्हाताऱ्या सैनिकाला पदक मिळालेलंच नाही. खासदार डेल व्हिटकोम वॉशिंग्टनमध्ये भाषणं ठोकायचे आणि लोकांची कामं करायची लोरेटा. मला आपलं उगाच वाटायचं, की त्यात माझाही वाटा आहे.

मग राष्ट्राध्यक्षांनी कुणाला न विचारता समुद्रापलीकडच्या एका देशाशी युद्ध सुरू केलं. महिन्याभरानं संसदेत ठराव आला, हे युद्ध पुढे चालवायचं की थांबवायचं. आमचे व्हिटकोमसाहेब राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, पण गेल्या खेपेला जेमतेम काठावर निवडून आलेले. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. झालं, दोन्ही पक्षांनी आपापल्या लोकांना माझा नंबर वाटून टाकला.

तेव्हापासून मला श्वास घ्यायला फुरसत नाही. निम्मे लोक पक्षाकडून आलेला कागद वाचून दाखवायचे. एका आजोबांनी तर 'नमस्कार, माझं नाव, इथे आपलं नाव घाला' असं सगळं जसंच्या तसं वाचलं. भिंत पातळ असल्यामुळे शेजारचंही ऐकू यायचं. डोनटच्या दुकानात वर्षानुवर्षं एका टेबलावर कॉफी पिणारे मित्र आता दोन टेबलांवर बसायचे, एकमेकांना देशद्रोही आणि खुनी म्हणायचे, आणि मग दोन्ही टेबलांवरून मलाच फोन यायचे.

ही गर्दी आवरायला साहेबांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीतून कर्ट हॉफस्टेटर आला. माणूस वाईट नव्हता. बोलून बोलून घसा बसलेला, जेवणही टेबलावरच. त्यानं एका कागदावर दोन रकाने आखले, एक 'बाजूने', एक 'विरोधात'. फोन आला की बाजूने की विरोधात विचारायचं, पिन कोड घ्यायचा, रेघ मारायची आणि पुढचा घ्यायचा. लोरेटाला त्यानं मागच्या खोलीत पाकिटं भरायला बसवलं. फोन आलेल्या नंबरावरून नाव-पत्ता काढून प्रत्येक रेघेमागे एक आभाराचं पत्र जायचं, साहेबांच्या छापील सहीचं. बाजूच्यांना वेगळं, विरोधकांना वेगळं.

मदत मागणाऱ्यांचं काय करायचं, असं लोरेटानं विचारलं होतं. मतदान होईपर्यंत थांबायला सांगा, कर्ट म्हणाला.

मंगळवारी सकाळी डोना स्टाउफरचा फोन आला. एकेक शब्द जुळवून, जपून बोलत होती.

"माझा मुलगा वेस्ली तिकडे लढाईवर आहे. त्याला घरी आणायचंय, कारण..."

"म्हणजे विरोधात. पिन कोड?"

तिनं सांगितला. सरकारी कचेरीतून विचारलं की साधी माणसं सांगतात. "पण साहेब, त्याच्या वडिलांना..."

"आपलं मत साहेबांना कळवतो," असं म्हणून कर्टनं मला ठेवून दिलं. विरोधात, एक रेघ.

गुरुवारी ती पुन्हा आली. या वेळी तिच्यामागे कुणीतरी कण्हत होतं.

"मी बाजूने आहे," तिनं आधीच सांगून टाकलं. "आमच्या घरात सगळे याच पक्षाला मत देतात. राष्ट्राध्यक्षांनी केलं ते बरोबरच केलं. आता तरी माझं ऐकाल का?"

कर्टची नजर घड्याळावर होती. त्यानं पिन कोड घेतला, आभार मानले आणि दुसऱ्या रकान्यात रेघ मारली.

ती खरं बोलत होती की खोटं, हे मला विचारू नका. तिला युद्धाबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. आपण चुकीच्या दारानं आलो म्हणून कुणी घेतलं नाही असं वाटून बिचारी दुसऱ्या दारानं आली होती. मला हात असते तर कर्टचं मनगट धरलं असतं. पण मला नुसता कान दिलाय आणि तोंड दिलंय, तेही दुसऱ्यासाठी.

सोमवारी मला कुणी उचलायच्या आत तिनं निरोप ठेवला. त्यावर बाकीच्यांचे निरोप साचत गेले आणि दुपारपर्यंत जागा संपली. तिचं बोलणं पोटात घेऊन मी तीन दिवस दिवा लुकलुकवत राहिलो. कर्टला वाटलं, रोजचीच ओरड असेल.

बुधवारी मतदान झालं. साहेबांनी कुठल्या बाजूनं मत दिलं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीही रेघ मारून मोकळे व्हाल. त्या रकान्यांचे कागद मात्र त्यांनी मागवलेच नाहीत. ते गठ्ठ्यानं रद्दीत गेले.

गुरुवारी कर्टनं लोरेटाला सगळे निरोप पुसायला सांगितले. पण न ऐकता पुसणं तिच्या रक्तात नाही. ती एकेक ऐकत गेली आणि डोनापाशी येऊन थांबली.

"मी डोना स्टाउफर. मंगळवारी मी विरोधात होते, गुरुवारी बाजूने. शनिवारी मला दोन पत्रं आली. एकात पाठिंब्याबद्दल आभार, एकात विरोधाबद्दल. दोन्हींवर साहेबांची सही आहे. मला ती सही तिसऱ्या कागदावर हवी होती हो. माझ्या नवऱ्याला, ग्लेनला, कॅन्सर आहे. जास्तीत जास्त दोन आठवडे, असं डॉक्टर म्हणालेत. रेड क्रॉसनं वेस्लीच्या तुकडीला कळवलंय, पण युद्धामुळे रजा बंद आहेत. खासदारांचं पत्र गेलं तर सोडतात म्हणे. मी कुठल्या बाजूची झाले तर वेस्लीला सोडाल ते सांगा. मी त्या बाजूची होते."

लोरेटा खुर्चीत बसली. "ही दोन्ही पाकिटं मी चिकटवली," ती म्हणाली. कर्टनं हातातलं सँडविच खाली ठेवलं.

मग तिनं पत्र लिहिलं, वॉशिंग्टनमधून सही मिळवली आणि लष्कराच्या कचेरीत धाडलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळच्या आत रजा मंजूर झाली. तिनं डोनाला कळवलं तेव्हा ती बाई रडली नाही, हसली नाही. ग्लेनला सांगते, एवढंच म्हणाली आणि आपला फोन तसाच सोडून धावली. तिची पावलं मला ऐकू येत होती.

आज शुक्रवार. दुपारी दोन वाजता तिचा फोन आला. ग्लेन साडेबाराला गेला. वेस्लीचा फोन आला तर त्याला काही सांगू नका, मी सांगेन, असं तिनं लोरेटाकडून कबूल करून घेतलं.

आणि अर्ध्या तासानं तो आलाच.

"मॅडम, मी वेस्ली स्टाउफर. जर्मनीत पोचलोय, पुढचं विमान दोन तासांनी आहे. रजेच्या कागदावर तुमचा नंबर होता. आई फोन उचलत नाहीये. बाबा कसे आहेत, काही कळलं का?"

"आईला लावत राहा, बाळा," लोरेटा म्हणाली. "आईशी बोल."

विमानतळावरची घोषणा तेवढी ऐकू येत राहिली. त्याला कळलं होतं.

"एक विचारू, मॅडम? आईनं तुम्हाला पहिला फोन कधी केला होता?"

समोर उभ्या असलेल्या कर्टनं मान हलवून तिला नको म्हणून खुणावलं. लोरेटानं त्याच्याकडे पाठ केली.

"गेल्या आठवड्यात मंगळवारी."

"आणि पत्र काल गेलं."

"हो."

"फार मोठं काम असतं का ते?"

"नाही रे. चाळीस मिनिटांचं."

मग तो म्हणाला, "थँक यू, मॅडम." सैन्यात शिकवतात तसं, अदबीनं. आणि त्यानं फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदानं पोचवल्या असत्या. हे आभार पोचवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी माझ्या जागी यंत्र येणार आहे. बाजूने असाल तर एक दाबा, विरोधात असाल तर दोन दाबा, असं ते गोड आवाजात सांगेल. मी माळ्यावर जाईन. त्याचं मला काही नाही.

पण लोरेटानं मला अजून खाली ठेवलेलं नाही. रिसीव्हर छातीशी धरून ती खिडकीबाहेर बघत बसली आहे, म्हणून तर तुमच्याशी इतकं बोलायला सवड मिळाली. तिचं दुःख मला कळतं. पण तोवर बाहेरच्या सगळ्यांना मी एंगेज लागतोय. बाजूच्यांना लागतोय, विरोधातल्यांना लागतोय, आणि त्यांच्यात आणखी कुणाची आई असेल तर तिलाही. कुणीतरी लोरेटाला सांगा हो. मला खाली ठेव म्हणावं. आणि वाजलो की उचल.