भर उन्हात घेतलेली परीक्षा

साहेब, तुम्ही मला न बघताच निकामी ठरवलंत. तोंडावर सांगते, चूक तुमची आहे, माझी नव्हे.

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी काचनळी आहे. काच फुंकणाऱ्या कारागिराने मला घडवलं, पोटात पत्र्याची चांदणी बसवली आणि ज्या फुंकरीने मी जन्मले, ती फुंकरसुद्धा पंप लावून ओढून काढली. त्याची बायको म्हणाली, "रिकामी भांडी विकणारे जगात तुम्हीच एक!"

"अगं, रिकामी आहे म्हणूनच चमकेल," तो म्हणाला.

आणि मी चमकले! विज्ञानाच्या बाई पडदे ओढत, वीज जोडत. तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवट उजेड माझ्या काचेवर उमटे आणि त्यात चांदणीची सावली तरंगे. बाई लोहचुंबक जवळ आणत. सावली झोपेत कूस बदलावी तशी सरके. पोरी श्वास रोखून बसत.

"काचेवर आदळून हा उजेड पाडतात ते इलेक्ट्रॉन. अणूच्या पोटातले," बाई हळूच सांगत. "अणू फुटतच नाही म्हणणाऱ्यांची बोलती यांनीच बंद केली. मग लोकांना वाटलं, कलिंगडात बिया तसे हे अणूत रुतलेत. तेही टिकलं नाही. मधे इवलंसं केंद्रक, बाकी बहुतेक मोकळंच."

"म्हणजे बाई, मीपण मोकळीच?" एका पोरीने विचारलं.

"हो गं."

"मग मी बसले की बाक का करकरतो?"

अख्खा वर्ग खिदळला. त्या हिरव्या अंधारात मीही हसले असेन.

परवा तुम्ही शाळा तपासायला आलात, साहेब. टळटळीत दुपार, खिडक्या सताड उघड्या. बाईंनी वीज जोडली. उन्हात माझा उजेड दिसणार कसा? दिवसाढवळ्या काजवा कुणाला दिसलाय?

"साहेब, नुसते पडदे ओढू द्या," बाई काकुळतीला आल्या.

"पडद्याआड काय जादू दाखवता, बाई? बंद पडलीय ही. मुलींना चित्र दाखवा, भागतं तेवढ्यावर."

झाला निकाल! आता मी व्हरांड्यात, मोडक्या स्टुलांच्या ढिगावर पडून आहे. उद्या भंगारवाला येईल. एक तडा गेला की हवा आत घुसेल आणि मग मी खरोखरच निकामी होईन. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कशी चालते ते तिच्या जाणत्याला विचारा. एवढंच मागणं.

पण साहेब, सोमवारी नववीच्या पोरी विचारतील, "बाई, इलेक्ट्रॉन असतात हे कशावरून?" तेव्हा बाईंनी काय सांगायचं? साहेब म्हणतात म्हणून? बोला ना!