कानबाईच्या सोळा गाण्यांना माझा वारा

मित्रांनो, ज्या साली दोंडाईच्याच्या भाईदास आबांचे लग्न झाले, त्या १९८४ साली मी या घरात आलो. मी एक जुना टेबल पंखा आहे. नवरी प्रमिलाबाईंच्या भावाने मला धुळ्यात विकत घेतले आणि एस.टी.त मांडीवर धरून आंदण म्हणून आणले.

तेव्हा गल्लीत दुसरा पंखा नव्हता. शेजारच्या बाया माझ्यापुढे गहू निवडायला बसत आणि म्हणत, "प्रमिला, भावाने तुला वाराच आंदण दिला गं!" मी मान फिरवून सगळ्यांना सारखा वारा देई. पुढे छताला पंखे लागले, मग कूलर आला. माझी जाळी हरवली, मान एका बाजूला अडकली, आणि काडीने ढकलल्याशिवाय पाती फिरेनात. मला माळ्यावर ठेवले. काही वर्षांनी घरातला जुना संगणकही माझ्या शेजारी येऊन बसला.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिची सोळा गाणी प्रमिलाबाईंना पाठ होती. त्या म्हणत, बाकीच्या बाया मागून ओढत. २०२४ च्या चैत्रात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. सून कोकिळाला प्रत्येक गाण्याची पहिली ओळ तेवढी येत होती.

"मग यंदा कानबाईपुढे डीजे लावायचा का?" आबांनी विचारले. प्रमिलाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले.

त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर लग्नांचे शूटिंग करतो. २००९ साली त्याने आईची सगळी गाणी कॅमेऱ्यात घेतली होती. ती फाइल घेऊन तो धुळ्याला तेजस नावाच्या मित्राच्या दुकानात गेला. तिथल्या नव्या संगणकावर आई दिसली, तिचे ओठ हलले, पण आवाज नाही. तेजसने चार प्रोग्राम लावून पाहिले. कॅमेऱ्यातून ती फाइल बनली होती घरच्या जुन्या संगणकातल्या एका व्हिडिओ कार्डावर, आणि तिच्यातला आवाज नव्या यंत्रांना उलगडत नव्हता. वैतागून ज्ञानेश्वरने फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे बदलली, तर चित्रही दिसेना.

घरी हे ऐकून कोकिळा हसली. "बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरंबा होतो का हो?"

रविवार चार दिवसांवर आला होता. जुना संगणक खाली उतरवला. तो सुरू झाला, फाइल उघडली, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रमिलाबाईंचा खणखणीत आवाज घरभर झाला. आता ती फाइल सगळीकडे चालेल अशा रूपात बदलायची होती. पण संगणकाच्या आतल्या लहान पंख्यात गावातल्या कापसाच्या जिनिंग गिरणीतली उडती रुई अडकून तो कधीच जळाला होता. संगणक तापला आणि बारा टक्क्यांवर बंद पडला.

"मना लगीनना पंखा काढा रे," आबा म्हणाले.

"आबा, हाऊ आजून फिरस का?" ज्ञानेश्वरने विचारले.

"माले न विचारता त्याले विचार!"

कोकिळाने माझी धूळ पुसली, पात्यांना काडी लावली. मी फिरलो! संगणकाचे एक झाकण काढून मला त्याच्यासमोर ठेवले. माझी मान अडकलेली होती, ती बरोबर त्याच्याकडेच. तरी चाळीस टक्क्यांवर तो पुन्हा बंद पडला, आणि अर्धवट फाइल उघडेना.

"भाकरी एकेक थापतो ना आपण?" कोकिळा म्हणाली. "मग सगळं पीठ एकदम तव्यावर कशाला?"

ज्ञानेश्वरने फाइलचे तुकडे करायला घेतले. पहिला तुकडा ओळीच्या मध्येच तुटला. प्रमिलाबाईंनी डाव्या हाताने गुडघ्यावर जोरात थाप मारली. "कुठे कापायचं ते आईंना ठाऊक आहे," कोकिळा म्हणाली. मग फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. गाणे संपले की त्या थाप मारत, आणि ज्ञानेश्वर तिथेच कापी. सोळा थापा, सोळा तुकडे. एक तुकडा बदलून झाला की संगणकाला थोडा विसावा, मग पुढचा. दोन दिवस मी थांबलो नाही.

शुक्रवारी ते तुकडे तेजसला पाठवले. त्याने धुळ्याहून कोकिळाला फोन केला, "वहिनी, इथं सगळं ऐकू येतंय! मोबाइलवरसुद्धा!"

"बठ्ठा गाणा उनात!" सगळी गाणी आली, हे आबा अंगणात जाऊन ओरडून गल्लीला सांगू लागले.

कोकिळाने रात्रंदिवस ती गाणी ऐकली. सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन ती दारातून निघाली, गात. मागे साऱ्या गल्लीने सूर धरला. नवव्या गाण्यात तिची एक ओळ सुटली. दारातल्या खुर्चीवर फाडकन थाप पडली. कोकिळा जागीच थांबली, मागे वळून म्हणाली, "चुकले, आई!" आणि ती ओळ पुन्हा म्हणून पुढे गेली. आबा एवढे हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. मलाही ओसरीवर आणून ठेवले होते, तिथून मी पाहत होतो. एवढा मान मला नवा होतो तेव्हाही मिळाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज एखाद्या जुन्या फाइलमध्ये असेल. ती उघडणारे यंत्र चालू आहे तोवरच तिला सगळीकडे चालेल असे रूप द्या आणि दोन-चार घरी जपून ठेवा. माळ्यावरच्या यंत्रांची धूळही अधूनमधून पुसा. आम्ही अजून फिरतो.

प्रमिलाबाई ३ फेब्रुवारी २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, दोंडाईच्याला राहत्या घरी वारल्या.